एकेको पाठीला बांधून

१३ जानेवारी
तुझ्या घरासमोरून

ताई,

पडदा हलला ते मी पाहिलं. वाऱ्याने हलला असं म्हणायची सोय नाही, कारण वाऱ्याच्या हातात लाल लोकरीचं विणकाम नसतं. मी दार वाजवलं, तुझ्या नावाने हाका मारल्या, शेजारचं कुत्रं येऊन माझ्या पायाशी बसलं, तरी कासिल्दाबाई काही जिना उतरल्या नाहीत. ठीक आहे. नऊ वर्षांनी बहीण दारात उभी राहिली तर एवढं तरी व्हायलाच हवं.

सांता क्रूझहून बसने अंग मोडून घेत आले ती तुझ्याकडे राहायला नाही, हे आधीच सांगते. मी एकेकोला परत करायला आले आहे. तुझा देव तुझ्या हाती दिला की मी मोकळी. दाराबाहेर ठेवून जाता आलं असतं, पण देव म्हणजे काही पावाची पिशवी नव्हे.

मी कुठे उतरले म्हणशील तर विणकामातून डोकं वर कर. तुझ्या खिडकीसमोर निळं घर आहे ना, जिथे पूर्वी शिंपी बसायचा, तिथे आता बॅकपॅकवाल्या पोरांचं होस्टेल झालं आहे. आठ जणांची खोली आणि चार दुमजली खाटा. खालच्या सगळ्या आधीच गेलेल्या, त्यामुळे मला वरची मिळाली. त्रेसष्टाव्या वर्षी मी शिडी चढून झोपायला जाते, ताई. चढणं एक वेळ जमतं. उतरताना पाय हवेत पायरी शोधत राहतो आणि खालचा माणूस माझ्या टाचा बघत पडलेला असतो.

त्यात पहिल्याच दिवशी मला शिडीवर चक्कर आली. ला पाझमध्ये जन्मलेली, याच गल्लीत गुडघे फोडून मोठी झालेली बाई, आणि तिलाच उंचावरची हवा बाधली. कुणाला सांगू नकोस. आसगेर नावाच्या डेन्मार्कच्या एका पोराने मला खाली उतरवलं, कोकाच्या पानांचा चहा करून दिला आणि वर समजावलं की नवख्या माणसाने इथे पहिले काही दिवस हळू चालावं. त्याचाच चहा पीत होते, म्हणून ऐकून घेतलं. हा आसगेर इतका उंच आहे की आपल्या गावातल्या प्रत्येक चौकटीवर त्याच्या कपाळाची खूण असेल. त्याच्यासोबत मिलेना आहे, आर्जेंटिनातल्या रोसारिओची. ती तिकडच्या माते-चहाचा थर्मास काखेत घेऊनच जन्मली असावी. बोलायला लागली की पाणी निवेपर्यंत थांबत नाही. दोघांची ओळख परवाच बसमध्ये झाली आणि आज ते मला मावशी म्हणतात.

हे पत्र सेनोबियाबाईच्या हाती देते. ती अजून त्याच कोपऱ्यावर खिमा-रस्सा भरलेल्या साल्तेन्या विकते. माझी पँट पाहून तिने मला परदेशी समजून इंग्रजीत भाव सांगितला. मी तोंड उघडल्यावर आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, घागरा सोडलास, पण किंचाळणं नाही सोडलंस.

उद्या दार उघडलंस तर देव घेऊन टाक. मला घाई आहे.

देल्फिना


१७ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. चालेल. मला इथे करमायला लागलं आहे, तेव्हा तू सावकाश रुसून घे.

पोरांनी मला आपली वाटाडी नेमलं आहे. काल मी साल्तेन्या कशी खायची ते शिकवलं. उभी धरायची, वरचा कोपरा चावायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा आणि मग पुढे जायचं. मिलेनाला एका फटक्यात जमलं. आसगेरने मधूनच घास घेतला आणि सगळा रस्सा शर्टावरून थेट बुटात गेला. सेनोबियाबाईने त्याला पुसायला कागद दिला आणि मला डोळ्यांनी विचारलं, हे कुठून आणलंस? मी म्हटलं, वरच्या खाटेवरून दिसलं, उचलून आणलं.

मी एक बॅकपॅकही घेतली आहे. हसू नकोस. पाठीवर ओझं घेऊन चालणं आपल्याला काय नवीन आहे? आई आधी तुला, मग मला पाठीला बांधून बटाटे विकायची. फरक एवढाच की हिला चेन आहे. कालपासून मी तिघांमधली तिसरी होऊन केबलकारने वर-खाली हिंडते, बाजारात भाव पाडून देते, गच्चीवर रुमाल फिरवत नाचायला शिकवते. पंचवीस तारखेला हे दोघं पोतोसीला निघणार आहेत आणि मलाही चल म्हणत आहेत. तिकडून पुढे मिठाचं मैदान, मग चिली. मी अजून नाही म्हटलेलं नाही. कळलं ना? पंचवीसला मी या गावात नसेन, आणि एकदा गेले की परत ही चढण चढणार नाही.

आता मुद्द्याचं. एकेकोला पिशवीतून बाहेर काढला तेव्हा सगळी खोली गोळा झाली. तोच मिशीवाला गोलमटोल, हात पसरलेला, तोंड उघडं. अंगावर पिठाची पोती, भांडी, गिटार, छोटी बस, सगळा संसार लटकलेला. आसगेरने त्याच्या अंगावरचं एकेक ओझं बोटाने मोजलं आणि तो म्हणाला, "मावशी, हा तर आमच्यातलाच आहे."

काल शुक्रवार होता. म्हणजे त्याच्या सिगारेटचा वार. तुला एक गोष्ट सांगते, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती. सांता क्रूझला तो कधीच नीट ओढायचा नाही. तिकडची हवा दमट, अर्ध्यावर सिगारेट विझायची, आणि मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्यासमोर काडेपेटी घेऊन त्याची मनधरणी करत बसायचे. काल इथे, कोरड्या हवेत, त्याच्या तोंडात सिगारेट दिली तर त्याने ती शेवटपर्यंत ओढली. राखही नीट उभी राहिली. मला इतका आनंद झाला की गच्चीवर जाण्याऐवजी मी हे सगळं खोलीतच करत होते हे लक्षात राहिलं नाही.

छताला धुराची घंटा असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अख्खं होस्टेल रस्त्यावर उतरलं. एक जण टॉवेलवर, एक जण साबणासकट. होस्टेलची मालकीण सगळ्यांसमोर मला विचारत होती की सिगारेट कोण ओढत होतं, आणि मी एकेकोकडे बोट दाखवत होते.

तू खिडकीत होतीस. पडद्याआड होतीस, पण तुझे खांदे हलत होते. रडताना तुझे खांदे हलत नाहीत, ताई. हसतानाच हलतात. मी पाळण्यात होते तेव्हापासून ओळखते तुला.

देल्फिना


२० जानेवारी

ताई,

सेनोबियाबाई म्हणते, तू पत्रं घेतेस पण वाचत नाहीस. चुलीजवळच्या डब्यात टाकतेस. नको वाचूस. मी लिहिते ते हात मोकळा व्हावा म्हणून.

आज मिलेनाशी माझं वाजलं. वाजलं म्हणजे मी बोलले आणि ती पहिल्यांदाच गप्प बसली. कारण तूच आहेस, तेव्हा तुलाच सांगते.

गच्चीवर बसलो होतो. आसगेरला चोवीस तारखेच्या आलासितासबद्दल विचारायचं होतं, सगळं गाव कशाची तयारी करतंय म्हणून. मी सांगितलं, छोट्या वस्तूंची जत्रा. वर्षभरात जे हवं ते एवढुसं घ्यायचं, बाराच्या ठोक्याला. घर हवं तर घर, मोटार हवी तर मोटार. त्याला धूप दाखवायचा. वर्षाच्या आत ते मोठं होऊन घरी येतं. स्वतःसाठी घेतलेल्यापेक्षा कुणी हातावर ठेवलेलं जास्त लागू पडतं. आणि एकेको तर स्वतःचा स्वतः घेऊन चालतच नाही.

मग मिलेनाने विचारलं की तुमच्याकडे हा कसा आला. मी सांगितलं. जसं घडलं तसं सांगितलं, ताई, मीठमिरची न लावता. आईला जाऊन महिना झाला नव्हता. मी अजून काळे कपडे सोडले नव्हते. आणि बसच्या पार्सलातून एक खोकं आलं. आत आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेला एकेको. ना चिठ्ठी, ना निरोप, ना फोन. घरातला देव उचलून दुसऱ्याच्या गावी पाठवून दिला म्हणजे काय ते आपल्यात लहान पोरालाही कळतं. आईचं घर संपलं, तुझा हिस्सा घे आणि पुन्हा दारात येऊ नकोस. म्हणून मीही फोन केला नाही. पोचला असंही कळवलं नाही. का कळवावं?

मिलेना माते-चहाचा पेला हातात घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, पण एकेको कुणीतरी दिला तरच चालतो ना?"

"हो."

"मग तुमच्या ताईने तो तुम्हाला दिला."

"दिला नाही. पाठवून दिला."

"म्हणजे दिलाच की."

मी तिला सांगितलं की रोसारिओच्या लोकांना सगळ्या जगातलं सगळं कळतं हे आम्ही ऐकून आहोत, पण डोंगरातल्या देवांत त्यांनी नाक खुपसू नये. आणि खाली येऊन शिडी चढून झोपले. भर दुपारी.

देल्फिना


२३ जानेवारी

ताई,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी चुकले असं मी म्हणत नाहीये. मिलेना काय म्हणते तेवढं कळवते आहे.

ती परवा माझ्या खाटेच्या शिडीवर उभी राहून म्हणाली की ज्या वर्षी खोकं आलं त्या वर्षी तुमच्याकडे काय चाललं होतं ते सांगा. मी म्हटलं, काय चालणार? नवऱ्याचा ट्रक पुलावरून नदीत गेला होता. तो वाचला, ट्रक नाही. घरात चूल पेटायची मारामार होती. आईच्या मातीला आले ती शेजारणीचे बूट घालून आले. मिलेना म्हणाली, मग पुढे? पुढच्या वर्षी दुसरा ट्रक आला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. मी सगळ्यांना सांगत आले की नवऱ्याच्या कष्टाचं फळ. नवरा मात्र कधी तसं म्हणाला नाही. तो मरेपर्यंत एकेकोला सिगारेट आणून द्यायचा.

मिलेनाने फक्त भुवई वर केली. आर्जेंटिनाच्या माणसाने भुवई वर केली की ती पानभर भाषणाएवढी लांब असते.

मग मी सेनोबियाबाईकडे गेले आणि तिला सरळ विचारलं. ती साल्तेन्या मोजता मोजता म्हणाली, "तुझे बूट पाहिले होते तिने मातीच्या दिवशी. घरी येऊन म्हणाली, माझ्याकडे द्यायला पैसा नाही, नशीब आहे, तेवढं पाठवते." आणि चिठ्ठी का नाही, तर दान देताना बोलून दाखवायचं नसतं, असं आई म्हणायची. मला आठवलं. आई म्हणायचीच.

सेनोबियाबाईने आणखी एक सांगितलं. तुझ्या स्वयंपाकघरात त्याची फळी अजून रिकामी आहे. वर फक्त काडेपेटी ठेवलेली. लोकांनी विचारलं की दुसरा का नाही आणलास, तर तू म्हणतेस, कुणी दिला तर ठेवीन.

ताई, मी कोपऱ्यावर उभी राहून रडले. चांगली हमसून रडले. पाठीला बॅकपॅक, हातात गरम साल्तेन्या, आणि येणारे-जाणारे मला हवा बाधली असं समजून बाजूला होत होते. नऊ वर्षं मी तुझ्यावर चिडून काढली आणि तुझ्याच नशिबावर जेवत राहिले. याला चूक म्हणायचं की काय ते तू ठरव. मी म्हणत नाही.

आता एकेको परत करायचा प्रश्नच उरला नाही. दिलेलं परत केलं तर दोघींचंही जातं. तो माझ्याकडेच राहील.

पण उद्या चोवीस. तू दर वर्षीसारखं दुकान मांडणार आहेस, लाकडाची एवढी एवढी कपाटं, टेबलं, आणि नवरा हवा असणाऱ्या बायकांसाठी मातीचे कोंबडे. मी बाराच्या ठोक्याला तुझ्यासमोर उभी असेन, पहिलं गिऱ्हाईक म्हणून. बहिणीला तू दारातून परत पाठवू शकतेस. बोहनीला नाही. आई तर आलासितासच्या बोहनीला वैऱ्यालाही हसून द्यायची, नाहीतर वर्ष बुडतं म्हणायची. तेव्हा उद्या तुला माझ्याशी बोलावंच लागेल. भाव सांगण्यापुरतं का होईना.

नाही बोललीस तर परवा मी पोतोसीच्या बसमध्ये.

देल्फिना


२४ जानेवारी
दुपार, होस्टेलच्या खाली, शेवटच्या पायरीवर बसून

ताई,

हे तू पाहिलंच आहेस, तरी लिहिते, कारण तुझ्या बाजूने ते वेगळं दिसलं असेल.

मी साडेअकरालाच निघाले होते. बॅकपॅकमध्ये नवा एकेको, तुझ्यासाठी, वरच्या रांगेतल्या बाईकडून घेतलेला. दोन्ही बाजूंना मिलेना आणि आसगेर. दहा पावलांवर तू दिसत होतीस, टोपी कपाळावर ओढून बसलेली. तेवढ्यात घंटा सुरू झाली आणि सगळं गाव एकदम पुढे सरकलं. माझी बॅकपॅक दोन बायकांच्या घागऱ्यांमध्ये अडकली. मी पुढे, पिशवी मागे. मी ओरडले, "आसगेर, जा, तिच्यापाशी जा!" म्हणजे तिला सांग की मी येते आहे, एवढंच मला म्हणायचं होतं.

त्याने काय समजावं? आठवडाभर मी कुरकुरत होते की होस्टेलच्या सूपमध्ये कोंबडीचा तुकडा दिसत नाही. तो लोकांच्या डोक्यांवरून हात लांब करून तुझ्यापर्यंत पोचला, सगळ्यात मोठ्या कोंबड्याकडे बोट दाखवलं, नोट पुढे केली. तू नोट कपाळाला लावलीस. गेली माझी बोहनी. एका डेन्मार्कवाल्याने नेली. मग तो वळला आणि सगळ्या रांगेसमोर, दोन्ही हातांनी, वाकून, तो कोंबडा मला दिला.

तुझ्या आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. मग टाळ्या सुरू झाल्या. सेनोबियाबाईने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. मिलेना जमिनीवर बसली हसत. बिचारा आसगेर सगळ्यांचे आभार मानत होता.

आणि तू नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलंस. "त्रेसष्टाव्या वर्षी, देल्फिना? आणि तोही एवढा उंच?"

मग तुझे खांदे हलायला लागले आणि माझेही. आपण दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून हसत होतो आणि मधली गिऱ्हाइकं वाट बघत होती. मला जे बोलायचं होतं ते मी पाठ करून आले होते. एक शब्द आठवला नाही. पिशवीतून एकेको काढला आणि तुझ्या हातात दिला. बस. तू त्याला उलटासुलटा पाहिलास आणि म्हणालीस की याचं नाक वाकडं आहे, कुणाकडून घेतलास, पँट पाहून फसवलं तुला. पण खाली ठेवला नाहीस. शालीच्या आत, छातीशी धरलास.

मी म्हटलं, "आता माझी बोहनी राहिली. काहीतरी दे."

तू टेबलाखाली वाकलीस आणि एक खाट काढून माझ्या तळहातावर ठेवलीस. काडेपेटीएवढी. मी भाव विचारला. तू म्हणालीस, "ती विकायची नाहीये," आणि लगेच पुढच्या बाईला कपाट दाखवायला लागलीस.

खाटेला धूप दाखवून आणला. आसगेर धरून उभा होता, त्याला शिंका आल्या, पण खाट सांभाळली त्याने. मग मी इथे येऊन बसले आणि नीट पाहिली. ताई, तुझ्या दुकानातल्या सगळ्या खाटा मी पाहिल्या. त्यांना उंच पाय असतात, नक्षी असते, पोरांसाठीच्या दुमजलीही असतात. ही तशी नाही. ही जमिनीलगत आहे. हिला वरचा मजला नाही. हिला शिडी नाही. आणि वर लाल लोकरीचं विणलेलं पांघरूण आहे, नखाएवढ्या टाक्यांचं.

पत्रं वाचत नाहीस म्हणे. डब्यात टाकतेस म्हणे.

मिलेना आणि आसगेर उद्या पोतोसीला जातील. मी त्यांना सांगितलं की परतताना इकडूनच या, आणि मिलेनाने रडत रडत थर्मासचं झाकण उलटं लावलं. एकेको पाठीला बांधला आहे. कोंबडा मी ठेवणार आहे, त्यावरून बोलायचं नाही.

एवढ्याशा खाटेची मोठी खाट व्हायला वर्ष लागतं म्हणतात. मला वर्षभर थांबायचं नाही. तू दुकान आवरून घरी आलीस ते मी आत्ताच पाहिलं, पडदाही हलला. रस्ता ओलांडून येतेच आहे. माझी पिशवी घेऊन आसगेर मागोमाग येतो आहे. तुझी चौकट बुटकी आहे, त्याला वाकायला सांग. पण खिडकीतून नको. खाली येऊन सांग.

देल्फिना